पुराव्याची भांडी

आग लागली की माणूस आधी पाण्याकडे धावतो, मग देवाकडे, आणि वकिलाकडे सगळ्यात शेवटी. तोवर राखसुद्धा थंड झालेली असते. तरी त्याची अपेक्षा अशी की, वकीलसाहेबांनी त्या राखेतून त्याची गादी, ट्रंक आणि लग्नातला कोट जसाच्या तसा उभा करून द्यावा. दारव्ह्याच्या कोर्टात मी उभी हयात काळा कोट घातला, तोही वैशाखात, आणि वैशाखातला दारव्हा काय असतो हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. मारामाऱ्या पाहिल्या, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सख्ख्या भावांनी काढलेले विळे पाहिले. पण 'तुमची गाजलेली केस सांगा' असं कोणी म्हटलं, की मला त्यातलं काहीच आठवत नाही. मला भांडी आठवतात. चांगली बैलगाडीभर भांडी.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, तेव्हाची गोष्ट. बोरी अरबला देविदास टेलर नानाजींच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचा. दाराशी शिलाईचं मशीन आणि मशीनच्या मागे बायको शांताबाई, चूल, अंथरूण, सारा संसार. नानाजी म्हणजे गावातलं वजनदार माणूस. शेती मोठी, मिशी मोठी, आवाज त्याहून मोठा. फक्त बायकोपुढे हे तिन्ही लहान व्हायचे.

देविदासच्या खोलीला लागून मधल्या खोलीत नानाजींचा कापूस होता. आमच्याकडे कापूस वेचून आला की भाव चढेपर्यंत तो घरातच भरून ठेवायची रीत. कापूस आत झोपतो, माणसं ओसरीवर. त्या वर्षी नानाजींनी तो पार आढ्याला भिडवला होता, आणि देविदासचा संसार आणि तो कापूस यांच्यामध्ये होता शेणानं लिंपलेला एक बांबूचा तट्टा. बस.

चोर येतील या धास्तीनं नानाजी रोज जेवण झालं की त्या ढिगावर चढून बसायचे. गावाला कौतुक वाटायचं, काय राखण करते माणूस. खरी गोष्ट अशी की, बायकोनं त्यांची बिडी बंद केली होती आणि अख्ख्या घरात ती बाई चढू शकणार नाही अशी ती एकच जागा होती.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी व्हायचं ते झालं. देविदास आणि शांताबाई बाजारात होते, म्हणून वाचले. नानाजी धोतराला आग लागलेल्या स्थितीत खाली आले ते थेट बैलांच्या पाण्याच्या टाक्यात जाऊन बसले. जिवाला धक्का नाही, पण मिशी एका बाजूनं गेली. कापूस गेला, तट्टा गेला आणि देविदासची खोली आढ्यासकट खाली बसली; मागचं नानाजींचं राहतं घर तेवढं वाचलं. कपडे, अंथरूण, वर्षाची ज्वारी, सारं गेलं. मशीनचं लोखंड तेवढं राखेतून निघालं, पण चाक फिरेना.

दोन-चार दिवसांनी नवराबायको माझ्याकडे आले. मी तेव्हा नवा वकील होतो, म्हणजे अशील दारात दिसला की आधी मीच उठून उभा राहायचो.

देविदास म्हणाला, "वकीलसाहेब, मले बाकी काही नोको. मशीन पायजे. मशीन नसन तं मले जिनावर बोजे वाहा लागन. आन् माह्या पाठीत तं एवढा दम नाही."

त्याची पाठ मी पाहिली. मशीनवर वाकून वाकून ती विळ्यासारखी झाली होती. जिनातला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातला, कापसाचा एक बोजा तिच्यावर ठेवला असता, तर देविदास आणि बोजा दोघंही तिथंच बसले असते.

आता अशा भाडेकरूला कायदा काय देतो, ते सांगतो. मी त्या दोघांना सांगितलं, तसंच सांगतो. पहिली गोष्ट, घर मालकाचं होतं आणि ते जळलं, एवढ्यानं मालक तुमच्या सामानाचा देणेकरी होत नाही. आग त्याच्या हलगर्जीपणानं लागली, हे तुम्हाला दाखवावं लागतं. वीज पडली किंवा शेजारच्याची चूल भडकली, तर मालकाकडे बोट दाखवता येत नाही. दुसरी गोष्ट खोलीची. खोली राहण्याजोगी उरली नाही, तर भाडं बंद करून सोडून जायचं की भाडेपट्टा धरून ठेवायचा, हे भाडेकरूनं ठरवायचं, मालकानं नाही. आणि 'घर जळलं, आता निघा' असं मालक म्हणाला, तर त्याला आधी रेंट कंट्रोलर नावाच्या अधिकाऱ्याची परवानगी आणावी लागते. तिसरा मार्ग विम्याचा.

"विमा मंजे?" शांताबाईनं विचारलं.

मी समजावून सांगितलं की, आग लागायच्या आधीच कंपनीकडे पैसे भरायचे, म्हणजे आग लागल्यावर ती भरपाई देते.

"आंधीच माहीत असतं तं ज्वारी नसती का काहाडली बाहेर," शांताबाई म्हणाली. विम्याचा विषय तिथंच संपला.

उरला पहिला मार्ग. मी नानाजींवर नुकसानभरपाईचा दावा लावला. नानाजींनी भाऊसाहेबांना वकील दिलं. भाऊसाहेब म्हणजे आमच्या बारचे सगळ्यात जुने वकील. ते उलटतपासणीला उठले की साक्षीदाराला घाम फुटायचा आणि बसले की खुर्चीला. त्यांच्यासमोर मी म्हणजे हत्तीपुढं शेळी.

आमचे जज्जसाहेब कोकणातून नवेच बदलून आले होते. माणूस शांत आणि काटेकोर. पण वऱ्हाडी बोली त्यांच्या कानाला नवी होती, आणि साक्षीदार बोलला की ते क्षणभर थांबून मनातल्या मनात तिचा अनुवाद करायचे.

नानाजी साक्षीला उभे राहिले. बिडीचा साक्षीदार माझ्याकडे एकही नव्हता. ढिगाच्या टोकावर कोण गेलं होतं पाहायला? काय होईल ते होवो म्हणून मी विचारायला लागलो.

"तुम्ही कापसावर काय करत होता?"

"राखन."

"भर दुपारी?"

"चोराजवळ काय घड्याळ रायते?"

लोक हसले. मी घाम पुसला आणि विचारलं, "तुम्ही बिडी ओढता?"

नानाजींनी मागच्या बाकाकडे पाहिलं. तिथं त्यांची बायको, सारं गाव जिला नानी म्हणायचं, पदर खोचून बसली होती. नानाजी छाती काढून म्हणाले, "बिडी म्या सोडली हाय."

"केव्हा सोडली?"

"त्याच दिवशी."

जज्जसाहेबांनी नेहमीसारखा क्षणभर विचार केला आणि लिहून घेतलं. भाऊसाहेबांनी डोळे मिटले. नानी मागून स्पष्ट ऐकू येईल अशी म्हणाली, "आत्ता समजलं मले." त्यानंतर नानाजी कोर्टाला कमी आणि घराला जास्त भ्यायलेले दिसत होते.

तेव्हा मला वाटलं, जिंकलो. पण भाऊसाहेब उगाच भाऊसाहेब नव्हते. त्यांनी पलटी मारली. म्हणाले, "हलगर्जी झाली, घटकाभर मान्य. पण वादीचं नुकसान कुठं झालं? माझी माहिती अशी की, वादीच्या घरी आज आगीच्या आधी होती त्याहून जास्त भांडी आहेत. ती त्याचीच असतील, तर काही जळलंच नाही. लोकांनी दिलेली असतील, तर सारं भरून निघालं. खुद्द माझ्या अशिलानं, स्वतःचा कापूस जळून गेलेला असताना, आपल्या हातानं वादीला भलंमोठं कोपर दिलं. आणि त्याच माणसावर हा दावा."

"कोपर?" जज्जसाहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताच्या कोपराकडे पाहिलं. शिरस्तेदारांनी पुढे होऊन समजावलं की, इकडे परातीला कोपर म्हणतात.

भाऊसाहेब खोटं बोलत नव्हते. कोणाचं घर जळलं की गावानं भांडीकुंडी नेऊन द्यायची, ही आमच्याकडची रीत आहे, आणि चांगली रीत आहे. देविदासनं जळक्या खोलीपुढं घातलेल्या मांडवात तर अख्खं गाव लोटलं होतं. टेलर एकच, आणि सगळ्यांची मापं त्याच्या डोक्यात. मी उठून सांगितलं की, लोकांनी दिलं ते देविदासला दिलं, नानाजींच्या वतीनं नव्हे. उद्या कोणी माझा पाय मोडला आणि शेजारणीनं मला शिरा करून पाठवला, तर पाय मोडणारा सुटतो का? जज्जसाहेबांना हे पटल्यासारखं दिसलं. पण काटेकोर माणूस. ते म्हणाले, "भांडी वादीची की लोकांची, एवढं तरी मला कळू द्या. भांड्यांवर नावं असतील ना?"

असतातच. पितळेचं भांडं घेतलं की त्यावर टिंबाटिंबानं नाव कोरून घ्यायचं, हे आपल्याकडे पोराचं नाव ठेवण्याइतकंच जरुरीचं. हुकूम झाला, पुढच्या तारखेला सगळी भांडी कोर्टात आणा.

त्या तारखेला बोरीहून भांड्यांची गाडी आली, आणि गाडीच्या मागे अर्धं गाव आलं. आपलं दान कोर्टात वाचून दाखवणार म्हटल्यावर घरी कोण बसतो? माणसं टोप्या धुऊन आली होती. भांडी साहेबांच्या टेबलासमोर मांडली, तेव्हा तिथं कोर्ट आहे की रुखवत, हे सांगणं अवघड झालं.

शिरस्तेदारांनी पहिला गुंड उचलला. गुंड म्हणजे पाणी भरायचा पितळी घडा. तो उजेडात धरून त्यांनी मंगलाष्टकांच्या चालीत वाचलं, "चिरंजीव विमल हिस मामाकडून."

"हा कोणी दिला?" साहेबांनी विचारलं.

"गोविंदानं," देविदास म्हणाला. गर्दीत गोविंदा मान ताठ करून उभा राहिला. त्याच्या मागून किसनराव नावाचा माणूस उठला.

"विमल माही पोरगी व्हय ना बापा. हा गुंड तं गोविंदानं बारशाले मांगून नेलता. तवापासून मी इच्यारून राह्यलो, तं मने, कोनता गुंड?"

गोविंदा खाली बसला. साहेबांनी 'शांतता' म्हटलं. शिरस्तेदारांनी दुसरं भांडं उचललं. तो होता बगोना, म्हणजे पातेलं, आणि त्यावर नाव होतं गोविंदाचं.

"हा कोणी दिला?"

देविदासनं आधी गोविंदाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "किसनरावनं."

गोविंदा पुन्हा उभा राहिला. तो काय बोलला ते कोर्टाच्या कागदात आलेलं नाही आणि इथंही येणार नाही.

मग सुरूच झालं. भाताचा गंज सखारामचा आणि दिलेला झिबलनं. थाळ्या झिबलच्या वहिनीच्या आणि दिलेल्या सखारामनं. एका गडव्यावर, म्हणजे तांब्यावर, मारुतीच्या देवळाचं नाव निघालं. तो कोणी दिला म्हटल्यावर सगळे वर कौलांकडे पाहायला लागले, आणि देविदासलाही एकाएकी आठवेनासं झालं. एवढ्या भांड्यांत देणाऱ्याचं स्वतःचं भांडं एकही निघेना. लग्नात, बारशात मागून आणलेलं, परत करायचं राहून गेलेलं, ज्याच्या त्याच्या घरी कोनाड्यात पडलेलं. देविदासचं घर जळलं, तेव्हा गावानं दोन्ही हातांनी दिलं, फक्त एकमेकांचं दिलं. जज्जसाहेबांनी अनुवाद करणंही सोडून दिलं होतं. ते रुमालात तोंड धरून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

भाऊसाहेब मात्र हार मानणारे नव्हते. म्हणाले, "बाकीच्यांचं काहीही असो. माझ्या अशिलाचं कोपर काढा." ते कोपर उचलायला दोन माणसं लागली. पालथं केलं. बूड काजळीनं काळं होतं. शिरस्तेदारांनी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि वाचता वाचता त्यांची चाल गेली. साध्या आवाजात म्हणाले, "सौ. शांताबाई देविदास हिस आईकडून."

जज्जसाहेबांचा रुमाल खाली आला. साहेबांनी नानाजींना विचारलं, "हे तुम्ही दिलंत?"

"हो जी."

"आणलंत कुठून?"

"घरातूनच जी."

नानी मागून म्हणाली, "थोरलीच्या लग्नात आनलं होतं वो इच्याकडून. द्याचं राह्यलं."

मी स्वतः गार पडलो होतो. माझ्या अशिलानं मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मी शांताबाईला साक्षीला उभं केलं आणि विचारलं, "बाई, हे तुमचं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"मले नाही मालूम रायन तं कोनाले? माह्या मायनं देल्लं."

"मग बोलला का नाहीत?"

ती कोपराकडे पाहत म्हणाली, "काय बोलाव साहेब? मायच्या हातचं सारं त्या खोलीत होतं. लुगडी होती, वाकळ होती. सारं जळलं. हे तेवढं वाचलं, काहून का हे नानाजीच्या घरी होतं. त्याहीनं येळेवर वापस केलं असतं, तं हेही गेलं असतं. मंग भांडू कोनासंगं?"

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. आणि हसू पण आलं. दोन्ही एकदम आलं म्हणून मी ठसकलो, आणि भाऊसाहेबांनी आपल्या तांब्यातलं पाणी मला दिलं.

निकाल आमच्या बाजूनं झाला. साहेबांनी लिहिलं की, दान मिळालं म्हणून नुकसान करणारा सुटत नाही, आणि या प्रकरणात तर प्रतिवादीनं वादीला वादीचीच वस्तू देऊन उपकार सांगितले आहेत. मशीन, कपडे, धान्य, सगळ्याची भरपाई मंजूर. खोलीसाठी मी रेंट कंट्रोलरकडे वेगळा अर्ज केला होता. नानाजींनी निमूट नवं छप्पर घातलं, आणि तट्ट्याच्या जागी भिंत.

पण कोर्ट उठल्यावर व्हरांड्यात जे झालं, ते मला आधीच सुचायला हवं होतं. पुरावा मोकळा झाला आणि ज्यानं त्यानं नाव पाहून आपापलं भांडं उचललं. गाडी बोरीला परतली, तेव्हा तिच्यात एक कोपर आणि देवळाचा गडवा, एवढंच होतं. मी दावा जिंकून अशिलाची चूल रिकामी केली होती. त्या संध्याकाळी त्यांनी भात कशात शिजवला, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. एवढी लाज मला एखादा दावा हरल्यावरही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव देविदासच्या दारात हजर. खांद्यावर विमलचा गुंड. "आंधी गोविंदानं देल्ला, आता मी देतो," म्हणाला. "पुन्य त्याले काहून भेटाव? गुंड तं माह्या व्हय." त्याच्या मागोमाग बगोना घेऊन गोविंदा. मग गंज घेऊन सखाराम. दुपारपर्यंत सगळी भांडी परत आली, या खेपेला खऱ्या मालकांच्या हातून. शांताबाईनं प्रत्येकाला चहा पाजला. प्रत्येकानं जाताना सांगितलं, माझं नाव नीट पाहून ठेव.

राहिलं मशीन. बाहेरच्या लोकांना वाटतं, निकाल लागला की काम झालं. अहो, निकाल म्हणजे नुसता कागद. समोरचा देत नसेल, तर वसुलीसाठी पुन्हा दरखास्त लावायची, आणि दरखास्त दाव्यापेक्षाही सावकाश चालते. नानाजी म्हणत, कापूस जळला, आता कुठून देऊ. देविदास नव्या छपराखाली बसून हातानं बटनं लावायचा. जिनावरचा मुकादम एकदा येऊन विचारूनही गेला, कधीपासून येतो म्हणून. मी दरखास्त लिहायला घेतली.

ती पुरी व्हायच्या आधी नानाजींच्या धाकट्या पोरीचं लग्न ठरलं. लग्न म्हणजे कणीक, कणीक म्हणजे परात, आणि शांताबाईच्या कोपराएवढी परात अख्ख्या बोरीत नव्हती. नानी ते मागायला आली. पुढचं मला देविदासनं सांगितलं.

शांताबाई म्हणाली, "नेजा ना वं नानी. नाही कोन मनते? पन या खेपेले उसनं नाही. मशीन ठेवा, कोपर न्या."

"काय वं शांता, कोपरासाठी मशीन?"

"कोपर बी नाही भेटत आन् लग्नाचे कपडे बी नाही शिवून भेटत. माह्या मानूस काय दातानं शिवन? वऱ्हाडाचे कपडे दारव्ह्याहून शिवून आना. नानाजीचं माप त्या टेलरले सांगजा, पोटापासून सांगजा."

नानी घरी गेली. घरात काय बोलणं झालं ते कोणाला ठाऊक नाही, पण त्या आठवड्यात यवतमाळहून कोरं मशीन गाडीतून उतरलं. नानाजींनी ते स्वतः उचलून आत ठेवलं, आणि बाकीची भरपाईही चुकती केली. देविदासनं सगळ्या वऱ्हाडाचे कपडे शिवले. जिनाचा मुकादम पुन्हा आला तो सदऱ्याचं माप द्यायला.

निकालाची रक्कम वसूल झाली, असं सांगायला मी कोर्टात गेलो. जज्जसाहेबांनी विचारलं, "दरखास्तीशिवाय? कशी काय?" मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी सही केली, पेनला टोपण लावलं आणि म्हणाले, "लग्न झालं ना? मग ते कोपर परत आलं का?"

"अजून नाही, साहेब."

"वस्तू परत मागायच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. बाईंना सांगून ठेवा."

मी बोरीला गेलो, तेव्हा सांगितलं. देविदासचं मशीन खडखड चाललं होतं. शांताबाई दाराशी ज्वारी पाखडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि सूप न थांबवता म्हणाली, "राहू द्या वकीलसाहेब. माह्या घरचं सारं जळलं, नानाजीच्या घरी होतं तेवढं वाचलं. तिथंच बरं हाय."